फुकुओकाहून आलेली एक सीडी, एक डीव्हीडी आणि ताकेदा तेत्सुया

जपानमधल्या फुकुओकाला नोकरीला लागलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी गणपतीला पुण्यात आली, तेव्हा माझ्यासाठी दोन वस्तू घेऊन आली. एक सीडी, काइएनताई या तिघांच्या गटाच्या निवडक गाण्यांची. आणि एक डीव्हीडी, 'शिआवासे नो कीइरोई हांकाची', म्हणजे 'सुखाचा पिवळा रुमाल', १९७७चा सिनेमा. दोन्ही वापरलेल्या, तिथल्या एका सेकंडहँड दुकानातून घेतलेल्या. मिळून अठराशे येन. मी दोन्हींचे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत, म्हणाली, "सेन्सेई, तुम्हीच तर या माणसाचं वेड लावलंत."

हा माणूस म्हणजे ताकेदा तेत्सुया. मी गेली बावीस वर्षं जपानी शिकवते आणि दर वर्षी कधी ना कधी वर्गात त्याचं नाव निघतंच. आधी गायक, मग नट, आणि नट म्हणून इतका मोठा झाला की जपानमधल्या तरुण मुलांना तो कधी गात होता हे सांगावं लागतं. या दोन वस्तू एकापाठोपाठ ऐकल्या-पाहिल्या की तो गायकाचा नट कसा झाला हे अगदी समोर घडताना दिसतं. म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते आहे. जपानी शिकणाऱ्यांनी तर घ्याव्यातच, पण न शिकणाऱ्यांनीही हा सिनेमा पाहावा असं मला मनापासून वाटतं.

आधी सीडी.

काइएनताईच्या गाण्यांना तिकडे 'फोओकु', म्हणजे इंग्रजीतलं 'फोक', म्हणतात, पण ते आपल्याकडच्या लोकगीतासारखं नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. पिढीजात चालत आलेल्या गावाकडच्या गाण्यांना जपानीत 'मिन्यो' म्हणतात. फोओकु म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत कॉलेजच्या पोरांनी गिटार घेऊन स्वतः लिहिलेली, स्वतः म्हटलेली गाणी. फुकुओकाच्या तेन्जिन भागात 'शोवा' नावाचं एक छोटं ठिकाण १९७०मध्ये सुरू झालं. तिथे गाऊन पुढे आलेल्या पोरांची यादी काढली तर त्या काळातल्या जपानी संगीताचा अर्धा इतिहास निघतो. काइएनताई तिथलीच. ताकेदा तेत्सुया, चिबा काझुओमी आणि नाकामुता तोशिओ. नाव घेतलं ते साकामोतो र्योमाच्या काइएनताईवरून. र्योमा म्हणजे एकोणिसाव्या शतकात शोगुनची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याची, सत्ता उलथवण्याच्या धामधुमीत वावरलेला तोसा प्रांतातला सामुराई, आणि काइएनताई ही नागासाकीत त्याने उभी केलेली व्यापारी जहाजांची टोळी. ताकेदाने र्योमाला आयुष्यभर देव मानलं. पुढे त्याच्यावरच्या एका गाजलेल्या मांगाची, म्हणजे चित्रकथेची, कथा लिहिली आणि २०१०मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या र्योमावरच्या वर्षभराच्या मालिकेत र्योमाच्या गुरूची, कात्सु काइशूची, भूमिकाही केली.

सीडीवरचं ज्या गाण्यासाठी मी ती मागवली होती ते म्हणजे 'हाहा नि सासागेरु बाराआदो', आईला वाहिलेलं गीत. १९७३चं. यात गाणं फार थोडं आहे. थोडं गुणगुणून झालं की ताकेदा चक्क बोलायला लागतो, मागे गिटार हळू आवाजात चालू राहते. बोलतो कोण, तर त्याची आई. फुकुओकातल्या हाकाता भागातली, तंबाखू-सिगारेटचं छोटं दुकान चालवणारी बाई, आणि ती आपल्या आळशी पोराला खडसावते आहे. उठ, कामाला लाग, मरेस्तोवर काम कर, असं. सगळं हाकाताच्या बोलीत.

आपल्या कीर्तनकाराचा अभंग संपतो आणि निरूपण सुरू होतं, तेव्हा सभागृहातली हवा बदलते ना, तसं होतं. माणसं सरसावून बसतात. गाणाऱ्या ताकेदाचा आवाज बरा आहे, त्याहून जास्त काही म्हणणार नाही. त्याच्या पिढीत त्याच्यापेक्षा सुरेल गाणारे पुष्कळ होते. पण बोलायला लागला की दुसरं कोणी त्याच्या जवळपासही येत नाही. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर आवाज चढवायचा, रागावता रागावता माया कुठे डोकावू द्यायची, हे सगळं त्याला चोविसाव्या वर्षी येत होतं. नट तिथेच तयार झाला होता, फक्त त्याच्या हातात गिटार होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

या सीडीबाबत माझी एक तक्रार आहे, आणि ती विकणाऱ्या दुकानाची आहे. यादीत 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं. घरी उघडून बघते तो गाण्यांच्या ओळींची पुस्तिकाच आत नाही. जपानी सीडीत ही पुस्तिका, काशी-काआदो, असतेच असते, आणि माझ्यासारखीला ती सीडीइतकीच महत्त्वाची. वर्गात झेरॉक्स वाटायची म्हणून मी वाट पाहत होते. फार वाईट वाटलं. जुनी सीडी घेणार असाल तर वस्तूच्या वर्णनात 'केप्पिन' हा शब्द आहे का ते आधी बघा, त्याचा अर्थ काहीतरी कमी आहे. आणि तो शब्द नसला तरी विचारून घ्या. माझ्या वर्णनात तो नव्हता.

मग आम्ही ते बोलणं ऐकून ऐकून उतरवलं. दर शनिवारी वर्ग संपल्यावर अर्धा तास, सहा मुलं आणि मी. एक वाक्य आठ-आठ वेळा. पुस्तकातली जपानी शिकलेल्या मुलांना हाकाताची बोली म्हणजे भिंतच. 'काय' ला कर्म म्हणून वापरायचं तर पुस्तकात 'नानि ओ', आणि ही बाई म्हणते 'नान्‌ बा'. 'करतो आहेस' ला पुस्तकात 'शितेइरु', आणि ही म्हणते 'शियोतो'. एक वाक्य मुलाला नावाने हाक मारून येतं, साधारण 'अरे, काय चाललंय या पोराचं' असं. आमच्या वर्गातल्या पुण्याच्या मुलीने भाषांतर केलं, "तेत्सुया, काय करतो आहेस तू?" सगळे गप्प. मग कोल्हापूरचा एक मुलगा मागून म्हणाला, "ए तेत्सुया, काय करायलायस रं?" आणि सगळ्या वर्गाला एकदम ती बाई दिसली. दुकानाच्या फळीमागे उभी असलेली, पदर खोचलेली. पदर हा आमचा, पण बाई तीच. त्या दिवसानंतर पुढचं सगळं भाषांतर कोल्हापुरीतच झालं.

बाकी गाण्यांत 'ओमोएबा तोओकु ए किता मोन् दा', म्हणजे 'विचार केला तर किती लांब आलो', हे माझं फार आवडतं. शब्द ताकेदाचेच. आवाज थोडा थकलेला आहे आणि त्याच थकव्यामुळे गाणं खरं वाटतं. 'आन्ता गा ताइशो' ठीक, गर्दीत म्हणायचं गाणं आहे, एकट्याने ऐकताना मी पुढे ढकलते. ध्वनी स्वच्छ आहे, कुठे खरखर नाही.

आता त्याच्या आयुष्यातली ती मधली वर्षं. आईच्या गाण्याने १९७४च्या वर्षअखेरीला काइएनताई एनएचकेच्या 'कोहाकु' या गाण्यांच्या कार्यक्रमात पोचली. तेव्हा त्या रात्री सगळा जपान तो कार्यक्रम पाहत असे, तिथे गायला मिळणं म्हणजे कलाकाराला पोच मिळणं. आणि मग पुढची गाणी चालेनात. पुढच्याच वर्षी, त्याच रात्री, ताकेदा आणि त्याची बायको भांडी विसळायचं काम करत होते. हे तो स्वतःच सांगत आला आहे. वर्षभरात माणूस कुठून कुठे येतो.

तिथून तो सिनेमात आला. आणि आता डीव्हीडी.

घेण्याआधी तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्या. जपानी डीव्हीडीचा रीजन २, भारताचा ५. आपल्या घरच्या साध्या प्लेअरवर ती लागणार नाही. मी जुन्या लॅपटॉपचा ड्राइव्ह कायमचा रीजन २ वर ठेवला आहे. रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो, त्यामुळे ज्या ड्राइव्हवर इतर डिस्क बघता त्याला हात लावू नका. दुसरं, डब्याच्या मागे खालच्या चौकटीत 'जिमाकु' या शब्दापुढे कोणत्या भाषांची सबटायटल आहेत ते लिहिलेलं असतं. जपानी येत नसेल तर ती ओळ वाचून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आमच्या प्रतीच्या डब्याला कोपऱ्यात तडा आहे, डिस्क मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही अडकली नाही.

सिनेमा यामादा योजीचा, १०८ मिनिटांचा. ताकेदाचा पहिला. तो होता अठ्ठावीस वर्षांचा आणि समोर कोण, तर ताकाकुरा केन. ताकाकुरा म्हणजे त्या काळचा जपानी पडद्यावरचा सगळ्यात दरारा असलेला नट, कमी बोलणारा, नुसत्या उभं राहण्याने दृश्य भरून टाकणारा. योगायोग असा की तोही फुकुओका प्रांतातलाच.

गोष्ट साधी आहे. प्रेमभंग झालेला किन्या (ताकेदा) नोकरी सोडतो, मिळालेल्या पैशांत लाल रंगाची माझ्दा फामिलिया घेतो आणि उत्तरेच्या होक्काइदो बेटावर जातो. आबाशिरीला त्याला अकेमी भेटते (मोमोई काओरी), तीही अशीच मन मोडून आलेली. आणि आबाशिरीच्या तुरुंगातून त्याच दिवशी सुटलेला युसाकु (ताकाकुरा) या दोघांच्या गाडीत येऊन बसतो. त्याने बायकोला पोस्टकार्ड टाकलं आहे. तू अजून एकटी असशील आणि माझी वाट पाहत असशील, तर घरासमोरच्या खांबावर पिवळा रुमाल बांध. नसेल तर मी परत फिरेन. घर आहे युबारीत, कोळशाच्या खाणींच्या गावी.

सुरुवातीचा अर्धा तास ताकेदा मला जास्त होतो, हे सरळ सांगते. तोंड वेडंवाकडं करणं, खेकडा खाऊन पोट बिघडल्यावर गाडीतून धावत सुटणं, हे सगळं रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायच्या सवयीने केलेलं आहे. कॅमेरा दोन हातांवर आहे हे त्याला अजून कळलेलं नाही. आणि सराईतल्या रात्री किन्या अकेमीवर जबरदस्ती करू पाहतो, ती रडते. आज ते दृश्य बघवत नाही. सिनेमा त्याला माफ करत नाही, हे खरं, पण हसण्यावारी नेण्याचा मोह त्याला पूर्ण टाळता आलेला नाही. मी वर्गाला सिनेमा दाखवण्याआधी या दृश्याबद्दल बोलून घेते.

पण त्यानंतरच युसाकु किन्याला समोर बसवून झापतो, आणि तिथून ताकेदा बदलतो. तू क्युशूचा (फुकुओका ज्या बेटावर आहे तिथला) पुरुष ना, असं तो विचारतो. मांड्या फाकवून बसलेल्या किन्याला तो मोहल्ल्यातल्या बेसबॉलच्या कॅचरची उपमा देतो. कॅचरच्या हातमोज्याला जपानीत 'मित्तो' म्हणतात. 'मित्तो मो नाई' म्हणजे हातमोजाही नाही, आणि जोडून म्हटलं की 'मित्तोमोनाई', म्हणजे लाजिरवाणा. हा श्लेष वर्गात समजावायला मला दहा मिनिटं लागतात आणि दर वर्षी ती दहा मिनिटं वसूल होतात. त्या वेळी ताकेदाचा चेहरा बघा. ज्याचा जीव बोलण्यात होता तो माणूस गप्प बसून ऐकतो आहे. मान खाली, एक शब्द नाही, आणि ओठ मात्र काहीतरी म्हणायला निघून परत मिटतात.

पुढे गाडीत युसाकु स्वतःची हकिगत सांगतो. लग्न, बायकोला दिवस राहतील अशी आशा, तेव्हाही पिवळ्या रुमालाचीच ठरलेली खूण, मग गर्भपात, दारू, रस्त्यावरची मारामारी आणि हातून झालेला खून. ही सगळी हकिगत आपल्यापर्यंत पोचते ती किन्या आणि अकेमीच्या ऐकण्यातून. ताकाकुराचं मोठेपण सगळ्यांना माहीत आहे. ते मोठेपण पडद्यावर उतरायला समोर असं ऐकणारा लागतो, आणि तो ताकेदाने दिला. शेवटी युबारी जवळ येतं, युसाकुचं धैर्य संपतं, परत फिरू म्हणतो, तेव्हा त्याला पुढे न्यायला हीच दोन पोरं असतात. खाणकामगारांच्या ओळीने बांधलेल्या घरांमधून गाडी जाते आणि युसाकु वर बघायला तयार नसतो. त्यापुढचं मी लिहीत नाही. नाव वाचून तुम्हाला अंदाज आला असेल, तरी प्रत्यक्ष पाहाल तेव्हा रुमाल जवळ ठेवा. मी हा सिनेमा निदान पंधरा वेळा पाहिला आहे आणि पंधराही वेळा रडले आहे.

जपान अकादमीचे पुरस्कार त्याच वर्षीच्या सिनेमांपासून सुरू झाले. पहिला सर्वोत्कृष्ट चित्रपट हाच, आणि पहिला सहायक अभिनेता ताकेदा तेत्सुया. भांडी विसळण्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती.

मग १९७९च्या ऑक्टोबरात टीबीएस वाहिनीवर 'किन्पाचि सेन्सेई', म्हणजे किन्पाचि मास्तर, ही मालिका आली, आणि सीडीवरचं शेवटचं मोठं गाणं, 'ओकुरु कोतोबा', तिथलं आहे. टोकियोत आराकावा नदीच्या काठची सरकारी शाळा, दहावीच्या वयाच्या मुलांचा ३-बी हा वर्ग, आणि लांब केस कानामागे सारणारा जपानी भाषेचा मास्तर साकामोतो किन्पाचि. आडनावात पुन्हा र्योमा. पहिल्याच मालिकेत पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीला दिवस जातात, आणि तो प्रश्न ओसानाई मिएको या लेखिकेने शुक्रवारी रात्री आठ वाजता, घरची सगळी जेवणाच्या टेबलाशी असताना, समोर ठेवला. ताकेदा स्वतः शिक्षक व्हायला फुकुओकाच्या शिक्षण विद्यापीठात गेला होता आणि गाण्यासाठी ते अर्धवट सोडून आला होता. पडद्यावरचा मास्तर त्याने २०११पर्यंत, बत्तीस वर्षं केला. त्या विद्यापीठाने २००८मध्ये त्याला मानद पदवी दिली.

किन्पाचिचं वर्गातलं बोलणं ऐका आणि मग पुन्हा १९७३चं आईचं गाणं ऐका. तेच थांबणं, तेच एका शब्दावर जोर देणं. ती गिटारच तेवढी काढून घेतली आहे. 'हितो', म्हणजे माणूस, या अक्षरातल्या दोन रेघा एकमेकींना टेकून उभ्या आहेत, असं त्याने मुलांना सांगितलेलं सगळ्या जपानला पाठ आहे. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच शिकवलं. अक्षराचं मूळ पाहिलं तर ती बाजूने दिसणारी एकच व्यक्ती आहे, हात थोडा पुढे आलेला. आता मी आधी मूळ सांगते आणि मग किन्पाचिचं सांगते. दुसरं सांगताना फळ्याकडे नाही, मुलांकडे बघते.

'ओकुरु कोतोबा' म्हणजे निरोपाचे शब्द. शब्द ताकेदाचे, चाल चिबाची. जपानभर शाळांच्या निरोप समारंभात म्हणतात. नीट ऐकलंत तर ते सोडून गेलेल्या मुलीला उद्देशून आहे, ताकेदाच्या स्वतःच्या मोडलेल्या प्रेमातून आलेलं. मास्तरच्या तोंडी आल्यावर त्याचा अर्थच पालटला. आमच्या वर्गाच्या शेवटच्या दिवशी आम्हीही तेच लावतो.

नंतर १९९१मध्ये फुजी टीव्हीवर ट्रकसमोर उडी घेऊन 'मी मरणार नाही' म्हणणारा कुरूप, भाबडा प्रेमी त्याने केला आणि ते वाक्य घरोघर गेलं. २०१७पासून मितो कोमोन, म्हणजे जुन्या काळावरच्या मालिकेतला वेश बदलून फिरणारा म्हातारा सरदार, केला. माझ्या आजच्या विद्यार्थ्यांना मात्र मी एक वेगळीच गोष्ट सांगते. तुम्ही लहानपणी हिंदीतून डोरेमॉन बघितलंत ना, त्याच्या पहिल्या मोठ्या सिनेमाच्या गाण्याचे शब्द या माणसाचे आहेत, आणि १९८५च्या सिनेमातलं 'शोनेन्कि' तर त्याने स्वतः म्हटलं आहे. वर्ग एकदम जागा होतो. ते गाणं माझ्या सीडीत नाही, याची हळहळ आहे.

एकच घ्यायची असेल तर डीव्हीडी घ्या. जपानी येत असेल, निदान जपानी भाषेच्या परीक्षेच्या तिसऱ्या पातळीपर्यंत, तर सीडी आधी ऐका, पुस्तिका असलेली प्रत शोधा, आणि मगच सिनेमा बघा.

माझी सीडी सध्या माझ्याकडे नाही. कोल्हापूरचा तो मुलगा दिवाळीला घरी घेऊन गेला. आईला गाणं ऐकवलं, आणि एकेक वाक्य थांबवून आमचं कोल्हापुरी भाषांतर वाचून दाखवलं. ती हातातली चकली पाडायची थांबवून सगळं ऐकत होती म्हणे. संपल्यावर तिने विचारलं, "मग लागलं का ते पोरगं कामाला?"

"लागलं की," तो म्हणाला, "पंच्याहत्तरी झाली, अजून करतंय."